जुनं नाव विचारणारे साडूभाऊ

गंगाखेड तालुक्यात असं एकही गाव उरलं नसेल, जिथल्या एखाद्या घराला आमच्या साडूभाऊंनी कुत्रं द्यायला नकार दिलेला नाही. कुत्री वाटून टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतात. घरची कुत्री व्याली की भेटेल त्याच्या पिशवीत एकेक पिल्लू कोंबणारे मीच दहा-पंधरा पाहिलेत. पण पदरचं पेट्रोल जाळून, स्कूटरवर पायाशी कुत्रं उभं करून चाळीस मैल जायचं, घर बघायचं, चहा प्यायचा आणि "न्हाई जमत" म्हणून कुत्र्यासकट परत यायचं, हे व्रत अख्ख्या मराठवाड्यात त्यांनी एकट्यानंच घेतलेलं असावं. माझं स्वतःचं घर त्यांनी दोनदा नापास केलंय. आणि मी काही परका नाही, त्यांच्या बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे.

साडूभाऊंची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या, कारखान्याच्या रस्त्याला पाचटाच्या कोप्या घालून राहायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एका सकाळीत कोप्या मोडून निघून जायच्या. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं सगळं बसतं. कुत्र्याला जागा होईलच असं नाही. मग ते ट्रॉलीमागं पळतं, दमलं की माघारी येतं आणि विझलेल्या चुलीच्या तीन दगडांपाशी बसून राहतं. साडूभाऊंनी हे तीसेक वर्षं काट्याच्या खिडकीतून पाहिलं आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन तिकडं गेले. लोक रिटायर झाल्यावर देवळात जातात, हेही गेलेच असते, पण वाटेत कोप्यांची जागा लागते.

घर पारखण्याची त्यांची एक पद्धत आहे. न कळवता, बरोबर जेवणाच्या वेळेला पोचायचं. चिखलाच्या चपला मुद्दाम बैठकीत न्यायच्या, घरातल्या सगळ्यांत चांगल्या जागेवर बसायचं, आपणहून पाणी मागायचं नाही आणि बघत राहायचं. त्यांचं म्हणणं असं की कुत्रं हे शेवटी न बोलावता आलेला पाहुणाच असतं, तेव्हा न बोलावता आलेल्या पाहुण्याचं हे लोक काय करतात ते आधी कळलं पाहिजे. आमच्याकडं परभणीला आले तेव्हा आमचा सोफा नवा होता. त्यांनी पाय वर घेतले आणि माझ्या तोंडून नुसतं "हळू" एवढं गेलं. झालं. दुसऱ्या वेळी मी "हळू" म्हणालो नाही, जीव मुठीत धरून सोफ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "खिडकीतून रस्ता दिसत न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "तेनं दिवसभर काय तुमच्या तोंडाकडं बघत बसावं?" यावर आमची बायको जी हसली, ती मला अजून ऐकू येते.

पूर्णेला रेल्वेतल्या एका साहेबांना बंगल्याच्या राखणीला कुत्रं हवं होतं. साडूभाऊंनी त्यांच्याकडं पोटभर श्रीखंड खाल्लं, बंगला हिंडून पाहिला आणि म्हणाले, "राखणीला पायजे तर कुलूप घ्या की. बाजारात लय मजबूत मिळायलेत." साहेबांना वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. स्कूटर चालू झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

घर पास झालं तरी सुटका नसते. कुत्र्याला उचलून आत न्यायचं नाही, ओढायचं नाही, तुकडा दाखवून फसवायचं नाही, ते आपल्या पायानं आत गेलं पाहिजे. राणीसावरगावात एका शेतकऱ्याकडं एक म्हातारं काळं कुत्रं सकाळी नऊ वाजता उंबऱ्यावर जे बसलं, ते दुपार टळली तरी आतही जाईना आणि बाहेरही येईना. साडूभाऊंनी कुणाला ओलांडूही दिलं नाही. आतल्या सुनेनं खिडकीच्या गजातून भाकरी बाहेर दिल्या आणि घरातले गडी, साडूभाऊ आणि स्कूटर बघायला जमलेले चार शेजारी असे सगळे ओसरीत जेवले. घरच्या आजीबाईंना आत जायचं होतं, तर त्या मागच्या गोठ्यातून वळसा घालून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "बसू दे बाबा त्येला. माझा बी ह्या घरात पयल्यांदा पाय उचलंना गेलता." साडूभाऊंना ते वाक्य इतकं आवडलं की त्या घराला त्यांनी पुढं दुसरं कुत्रंही दिलं.

पण त्यांचा सगळ्यांत कडक नियम नावाचा. कुत्र्याचं जुनं नाव बदलायचं नाही. नव्या मालकांना हौस असते, त्यांनी टायगर, रॉकी, ब्रूनो अशी नावं ठरवून ठेवलेली असतात. साडूभाऊ ती शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "जागा गेली, मानसं गेली. नाव तेवढं कानाला चिकटून ऱ्हातंय. तेबी काढून घेतलं तर तेच्यापाशी काय ऱ्हायलं?" आता टाकून दिलेल्या कुत्र्याचं नाव कळणार कसं? तर हे त्याच्या समोर मांडी घालून बसतात आणि एकेक नाव उच्चारत कानाकडं बघतात. मोती, वाघ्या, राजा, शेरू, लाली. एकदा एका कुत्रीपुढं ही सगळी संपली तरी कान हलेना, तेव्हा ह्या गृहस्थांनी कुठून तरी मतदार यादी पैदा केली आणि त्या कुत्रीला अख्खा वॉर्ड वाचून दाखवला. कान हलला तो "शकुंतला"ला. मग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ अंगणातून "शकुंतला, ये, भाकरी खा" अशा हाका सुरू झाल्या. समोरच्या घरात शकुंतलाबाई नावाच्या मास्तरीणबाई राहतात. त्या पहिल्या दिवशी "काय हो?" म्हणून बाहेर आल्या, आणि हाक कुणाला होती ते पाहून आत गेल्या. तीन महिने त्यांनी साडूभाऊंच्या बायकोकडून, म्हणजे आमच्या अक्कांकडून, विरजण नेलं नाही.

गेल्या वर्षी पट्टा पडला तेव्हा मागं राहिलेल्यांत एक तांबूस कुत्री होती. बाकीची दोन-तीन दिवसांत साडूभाऊंच्या भाकरीला सरावली, ही मात्र चुलीच्या दगडांना अंग लावून पडलेली. भाकरी नाही, दूध नाही, अंडं फोडून ठेवलं तर तेही कावळ्यांनी नेलं. दोनदा त्यांनी तिला उचलून घरी आणलं. दोन्ही वेळा ती रस्त्यावरच्या गाड्यांमधून वाट काढत, पाय ओढत परत तिथंच गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी जागेवर येऊन सलाईन लावलं आणि स्पष्ट सांगितलं, "दादा, सलाईनवर मी हिला किती दिवस धरू? हिनं आपणहून तोंड घालाय पायजे. अजून दोन-तीन दिवस बघा, मग माझ्या हातात काय न्हाई." साडूभाऊंनी माहीत होती तेवढी सगळी नावं घेऊन पाहिली. मतदार यादी दोन वॉर्डांची झाली. कान हलला नाही.

मग त्यांनी कारखान्यावर जाऊन त्या जागेवर कुणाची कोपी होती ते शोधून काढलं. मुकादमाला फोन लावला, तर कुत्रीचं नाव काय होतं हा प्रश्न ऐकून त्यानं "सकाळी सकाळी घेतली का काय?" असं विचारून फोन बंद केला. कारखान्यावर एवढं मात्र कळलं की माणसं जिंतूरकडच्या एका तांड्यावरची. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ आणि अक्का पहिल्या एसटीनं परभणीला माझ्या दारात हजर. गाडी माझ्याकडं आहे, हा माझा गुन्हा. अक्का का आल्या, तर "हे तितं काय बोलतील ह्याचा भरोसा न्हाई" म्हणून. कुत्र्याचं नाव विचारायला एवढ्या लांब जायचं, हे मी शेजाऱ्यांना सांगू शकलो नाही. लग्नाला चाललोय असं सांगितलं.

तांड्यावर ती बाई सापडली. आम्हा तिघांना पाहून तिचा चेहरा उतरला. कुणी तरी तक्रार केली, आता दंड होणार, असंच तिला वाटलं असावं. "आमी काय मुद्दाम सोडलं न्हाई, साहेब," ती आधीच म्हणाली. "ट्रॉलीत जागा न्हवती. मुकादम म्हनला, आदी मानसं. लय लांबवर पळत आलती वो ती मागं." एवढं बोलून ती पदरानं तोंड पुसायला लागली.

साडूभाऊ तिच्या समोर जमिनीवर बसले. "मी भांडायला न्हाई आलो, बाई. नाव इचारायला आलो. तुमी तिला काय म्हणत व्हता?" मग थोडं थांबून, "आन परत पायजे आसंल तर आजच आणून घालतो. ह्या पाव्हण्याची गाडी हाय." माझी गाडी ते फार सढळ हातानं वापरतात.

बाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "आनून द्याल तुमी," ती म्हणाली. "आठ दिसांत आमाला हळद काढायला जायचंय. तितला मालक कुत्रं घिऊ देत न्हाई. परत सोडावं लागंल. येकदा सोडलं त्येनंच अजून भाकरी गोड लागंना. दोनदा कसं सोडू?" आणि मग हलक्या आवाजात नाव सांगितलं, "झमकी." ते कसं म्हणायचं, शेवटचं अक्षर कसं लांबवायचं, हे तिनं रानाकडं तोंड करून हाक मारून दाखवलं. रिकाम्या रानात तशी हाक मारताना तिचा आवाज फाटला.

मी हुशारी करून मोबाइल काढला. म्हटलं, बाईंचा आवाज भरून घेऊ, तिथं लावू. साडूभाऊंनी माझा हात खाली केला. "हिचा आवाज ऐकला तर ती जल्मभर तितंच वाट बघंल. हाक आता नव्या मानसानंच मारावी लागतीय." मी मोबाइल खिशात ठेवला. कधी कधी ह्या माणसाचं बरोबर असतं, आणि तेव्हा त्याच्याशी बोलायची सोय राहत नाही.

परतीच्या वाटेत ते सराव करत होते. बोरीला चहाला थांबलो तर तिथंही त्यांनी एक लांब हाक मारली आणि चहावाल्यानं उकळी सोडून मागं वळून पाहिलं. अक्का मागच्या सीटवरून ऐकत होत्या. गंगाखेडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. कुत्री तशीच पडलेली. पोट वर-खाली होतंय का, हे मी लांबून आधी पाहिलं.

साडूभाऊंनी पहिली हाक मारली ती काट्यावर गाडीचा नंबर पुकारावा तशी. काही झालं नाही. मग ते खाली बसले, खाकरले आणि त्या बाईनं दाखवली होती तशी, शेवटाला लांबवत म्हणाले, "झमकीऽऽ." कान हलला. डोकं वर आलं. तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं, पुन्हा रस्त्याकडं. तिसऱ्या हाकेला ती उठली, दोनदा पडली आणि येऊन साडूभाऊंच्या गुडघ्यावर तिनं हनुवटी टेकवली. दुधात कुस्करलेली भाकरी त्यांनी हातावर धरली, ती तिनं चाटली आणि मग खाल्ली. मला कुत्री आवडत नाहीत, आजही आवडत नाहीत, पण तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"नशीबवान हाय," आमच्या मागं उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या. "कुणीतरी जुनं नाव इचारायला गेलं."

मी विचारू नये ते विचारलं, "म्हणजे?"

"आवो, मी शेवंता की," त्या हसत म्हणाल्या. "लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं सुलोचना लिवलं, झालं. आईबाप होते तवर शेवंता म्हणायचे. ते गेले. बाकी तुमची बायको काय, भाऊ काय, समदे धाकटे, अक्का म्हणतात. आता ते नाव घेणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई."

"आणि साडूभाऊ?"

"हे?" अक्का आणखीच हसल्या. "ह्यांनी तर सुलोचनाबी कधी म्हणलं न्हाई. चाळीस वर्सं 'आगं ऐकलं का'वरच भागायलंय."

मीही हसलो. साडूभाऊ हसले नाहीत. झमकीच्या तोंडापुढं धरलेला हात त्यांनी तसाच ठेवला होता, भाकरी संपून गेली तरी.

झमकी पुढं पूर्णेला गेली, रेल्वेतल्या एका एकट्या राहणाऱ्या रिटायर गँगमनकडं. त्यांना चार दिवस समोर बसवून हाक शिकवली, मगच दिली. हे सगळं साडूभाऊंनी मला फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता, त्या गँगमनचा पत्ता लिहून घ्या म्हणाले, कधी पूर्णेला गेलात तर बघून या. पत्ता कुठंतरी कपाटात होता. तो कुठं ते विचारायला त्यांनी तोंड आत वळवल्याचं आवाजावरून कळलं, आणि मला वाटलं आता "आगं ऐकलं का" येणार.

"शेवंता," ते म्हणाले. आवाज अगदी बेताचा, शेजारी ऐकतील अशा भीतीनं दबल्यासारखा. आतून काही उत्तर आलं नाही.

"ऐकू जायलंय तिला," ते मला खाजगीत म्हणाले. "पर हे आपलंच नाव हाय, हे ध्यानात यायला येळ लागायलाय." पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. मी परभणीत फोन कानाला दाबून उभा होतो.

"ओ," अक्का म्हणाल्या. एवढं कोवळं "ओ" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पत्ता राहिलाच. साडूभाऊ फोन तसाच टेबलावर टाकून आत गेले, आणि मीही तो बराच वेळ बंद केला नाही.