पाऊण तासाचं नागपूर

धुळाजीला मी तोंडावर येडा म्हणते आन् तो ऐकून घेतो. मी वत्सला, त्याच्यापरीस वयानं मोठी. नांदूरघाटात आमची दारं समोरासमोर. त्याची मेंढरं जलमभर माझ्या अंगणातनं गेली. माणूस वाईट न्हाई, पर त्या पाऊण तासानं त्याचं वाटोळं केलं.

त्याचा पोरगा रामेश्वर नागपुरात नोकरीला. पहिल्यांदा विमानानं नांदेडला उतरून घरी आला, तवा बापाला म्हणला, "आबा, आता लांब न्हाई. नागपूर ते नांदेड पाऊण तास." झालं! धुळाजी पारावर बसून ज्याला-त्याला तेच सांगायचा. नांदेडातनं हितं यायला अर्धा दिवस जातो, ते मातर सांगत नव्हता. "मेंढरं ओढ्यावर पाणी पिऊन येस्तोवर माझं पोरगं येतंय," म्हणायचा. त्याची बायको चतुराबाई आतनं खुदकन हसायची.

वैशाखात चतुराबाईनं अंथरूण धरलं. मी म्हणले, "धुळाजी, पोराला बोलाव."

"कावून तरास द्यायचा त्याला, वत्सलाक्का? पाऊण तासाचं तर हाय. लागलं तर येईलच की."

मला लई संताप आला. आवं, ह्याचा बाप अंथरुणाला खिळला तवा हा मेंढरं घेऊन पार गंगथडीला गेलता! म्हाताऱ्यानं भाकर नको म्हणल्या-म्हणल्या मागं माणूस धाडला. मेंढरामागं गेलेला माणूस लांब असतो म्हणून निरोप आदीच धाडायचा, ही मेंढरंवाल्यांची रीतच. धुळाजी पायी चालत आला, पर बापाच्या तोंडात शेवटचं पाणी त्याच्याच हातानं पडलं. आन् आता हातात फोन असून हा गप बसला.

चतुराबाईची वाचा गेली, तवा कुठं त्यानं पहाटे फोन लावला. रामेश्वर रडायलाच लागला. "आबा, आज विमान न्हाई. ते रोज नसतंय." तसाच गाडी करून निघाला.

मी चतुराबाईच्या ओठाला चमच्यानं पाणी लावलं तर तिनं दात आवळले. पोराच्याच हातचं पाहिजे होतं तिला. नजर सारखी दाराकडं. दुपार टळली आन् नजर तिथंच राहिली.

ऊन असलं, मढं ठेवता येईना. दिवस मावळायच्या आत नेलं. धुळाजीनंच अग्नी दिला.

दिवेलागणीला रामेश्वरची गाडी दारात थांबली. रिकामं अंथरूण बघून तो बापाच्या अंगावरच धावला. "माय इतके दिवस पडून होती, मला आदी कावून न्हाई सांगितलं?"

धुळाजीच्या हातात पोराला द्यायला आणलेला पाण्याचा तांब्या तसाच होता.

"तू जवळ होतास ना रं," तो म्हणला. "लांब असतास तर आदीच बोलावलं असतं."