पहिल्या नावाची घासाघीस

पीएचडीच्या गाईडने मी शोधलेल्या ग्रहाच्या पेपरवर माझं नाव पाचवं टाकलं होतं. तो राग घेऊनच मी कॅलिफोर्नियात पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीच्या, मुलाखतीला गेले. काम परक्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायचं. व्हिसाचे तीन आठवडे उरलेले, दुसरी ऑफर नाही.

"मी शोधलेल्या ग्रहावर पहिलं नाव माझं," मी म्हटलं.

"इथे पहिलं नाव माझं असतं," प्राध्यापक म्हणाले.

"मग राहू द्या," म्हणत मी उठले. मंडईत असं निघालं की तिसऱ्या पावलाला हाक येते. इथे लिफ्ट आली तरी हाक आली नाही. तरी बरं, डबा मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर सोडला होता.

"डबा विसरले," मी परत जाऊन म्हटलं.

"तुझ्या आधी पुण्याचा एक मुलगा आला होता. तो छत्री विसरला होता. ये, खाली बस," प्राध्यापक म्हणाले.

"त्याला काय दिलंत?"

"दुसरं नाव."

"ती छत्री होती. यात थालीपीठ आहे," म्हणत मी डबा उघडला.

थालीपीठ संपेपर्यंत पहिलं नाव मला मिळालं. दर सोमवारी थालीपीठ आणायचं, ही अट मात्र त्यांनी सही झाल्यावर घातली. त्या अटीचा राग अजून गेलेला नाही.