आयतवारी बरे राहणारे गुडघे

"दुखते? मंग बरं हाय."

जखमेला चिमटा लागून माणूस कळवळला की काका हमखास असं म्हणायचे. नवखा माणूस रागवायचा. मीही रागावले होते. मेलेल्या कातडीला दुखत नाही, जिवंत असते तिलाच दुखतं, हा त्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. तोही दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून. आपल्या बोलण्याचा अर्थ उलगडून सांगत बसण्याची त्यांना सवय नव्हती.

वाशीमजवळच्या मालेगावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या हातावर लोकांचा डॉक्टरांपेक्षा जास्त भरवसा. उंच, थोडे वाकलेले, अंगात पांढरा सदरा. जखमेला हात लावण्याआधी दोन्ही तळवे घासून गरम करायचे. मी त्यांना काका म्हणत असे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मास्तरीण. एका सकाळी चहा ठेवताना स्टोव्हचा भडका उडाला. डावा गाल, मान आणि दंड भाजला. अकोल्याला दोन महिने दवाखान्यात काढून परत आले, पण मानेची जखम भरत नव्हती. रोज पट्टी करावी लागणार होती. ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी निरोप धाडून मोडलं. गावात कुजबुज होती की स्टोव्ह वगैरे काही नाही, हिनंच पेटवून घेतलं. माझ्याजवळ राहायला आलेल्या आईनं खोलीतला आरसा ट्रंकेत घालून ठेवला. मी दाराबाहेर पाऊल टाकत नव्हते. शाळेचा राजीनामासुद्धा लिहून तयार होता.

पहिला आठवडाभर काका घरी येऊन पट्टी करून गेले. कसं झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. असं न विचारणारे त्या गावात ते एकटेच. आठव्या दिवशी मात्र उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "माहे गुडघे गेले, माय. उद्यापासून तूच येजो दवाखान्यात."

आई घाबरली. "अशा तोंडानं कशी येईन पोरगी?"

"तोंडानं कायले? पायानं येईन."

मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी जखमेचा वास यायला लागला, तेव्हा निमूट निघाले. घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, पण वाट भर बाजारातून. पदर नाकापर्यंत ओढलेला. किराणा दुकानातली बोलणी मी जवळ आले की थांबायची आणि पुढे गेले की पुन्हा सुरू व्हायची. दवाखान्यात पोचले तेव्हा मला रडू फुटलं होतं. काकांनी तळवे घासले, पट्टी सोडली आणि एवढंच म्हणाले, "पदर काढून येत जा. जखमेले हवा लागली पाह्यजे."

"इथं काढते ना, काका. रस्त्यानं नाही."

"हवा रस्त्यावरच हाय, माय."

त्या माणसाचा मला मनापासून संताप आला. तरी रोज जात राहिले आणि पदर रोज बोटभर खाली येत गेला. एकदा चौथीतली माझी एक विद्यार्थिनी भाजीच्या दुकानापाशी आडवी आली. तिनं माझ्या गालाकडे नीट पाहून घेतलं आणि मग मुद्द्यावर आली. "बाई, तुमी कवा येता? नव्या बाई लय मारून राह्यल्या." मी कितीतरी महिन्यांनी हसले. हसताना गालाची कातडी ताणली आणि दुखलं. काकांना ते सांगितलं, तेव्हा ते काय म्हणाले हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढे रविवारच्या सुटीनंतर एका सोमवारी दवाखान्यात एक शेतकरी बसला होता. रिठद गावाच्या पुढे त्याचा मळा. बोलता बोलता त्यानं सांगितलं, "काका दर आयतवारी आमच्या इथं येतात, बुढ्याच्या पायाची पट्टी कराले. यष्टीतून उतरले की दोन कोस पायी. गाडी जुंपून आनतो म्हनलं तरी आयकत नाहीत."

मी आत गेले ती भांडायच्या तयारीनंच. "काका, तुमचे गुडघे गेले होते ना?"

त्यांनी शांतपणे पट्टीचा गॉज कापला. "आयतवारी बरे राह्यतात."

मग पट्टी बांधायला घेतली. शेवटची गाठ मारताना, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माही बायको गेली तवा मी चार महिने घरातून निघालो नाही. सगळे भेटाले येत, डबा ठिवून जात. पन कोनी म्हनलं नाही की तू ये. मले लय वाटे, कोनी बोलवावं."

चिमटा उकळत्या पाण्यात टाकून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी मी राजीनामा फाडला आणि आईकडून आरसा मागून घेतला. जूनमध्ये शाळेत रुजू झाले. यथावकाश, एका समंजस माणसाशी, लग्नही झालं. आज सत्तरी उलटली आहे. सगळ्या चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या, पण भाजल्या जागची कातडी ताणलेली असल्यामुळे डावा गाल तेवढा गुळगुळीत राहिला आहे. नातवंडं त्यावरून माझी थट्टा करतात आणि मी ती करू देते.

मी शाळेत परतल्यावर तीन-चार वर्षांत काकांच्या हातांना कंप सुटला. डॉक्टर राहा म्हणत होते, तरी त्यांनी आपणहून काम सोडलं आणि वाशीमला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा ओट्यावर बाजेवर बसले होते. हात मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरत होता. लेक कुरकुरत म्हणाली, "नखं पाहा केवढी वाढली. मले हातच लावू देत नाहीत."

मी ब्लेड मागितलं. काकांनी मान फिरवली. मग, बऱ्याच वेळानं, हात माझ्यापुढे केला.

एकेक बोट घट्ट धरून मी नखं कापू लागले. शाळेतल्या मुलींविषयी, माझ्या तान्ह्या मुलाच्या दातांविषयी काहीबाही सांगत होते. उत्तर येईना म्हणून वर पाहिलं, तर भिंतीला डोकं टेकून ते झोपले होते. महिन्याभरानं ते गेल्याची बातमी आली, म्हणजे आमची ती शेवटचीच भेट. पण त्या दुपारी मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की झोपेत तो हात जराही थरथरत नव्हता. तो तसाच हातात धरून मी बसून राहिले. मालेगावची बस निघून गेली, तरी उठले नाही.