पट्टे आवळायचा थांबा

बंद पडलेल्या मोटारी ट्रेलरवर चढवून मी मालवणहून कुडाळच्या गॅरेजला नेतो. आमचं घर मच्छीमारांचं. भरती-ओहोटीला होडी हलती राहावी म्हणून दोर ढिला सोडायचा, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. पहिल्या खेपेला मी मोटार ट्रेलरला बांधायचे पट्टेही तसेच ढिले सोडले. वळणावर मोटार सरकली. शेजारी बसलेले बाबा गरजले, "थांबय. ही काय होडी आसा?"

तेव्हापासून दोन किलोमीटरवर थांबून मी प्रत्येक पट्टा पुन्हा आवळतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर कुरकुरू दे. बाबाही मागोमाग उतरून पट्टे ओढून बघायचे. दुसऱ्याने बांधलेल्या दोरावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नाही.

परवा पट्टे आवळून परत आलो, तर बाबा सीटवरच बसून तंबाखू मळत होते.