ताट खाली ठेव

तुमच्या मामाच्या, म्हणजे माझ्या पोटच्या मुलाच्या, पायांवर मी डोकं ठेवलं होतं, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मामा कित्येक वर्षं सकाळपासून प्यायचा. या खेपेला तो स्वतःच म्हणाला, आई, डोळखांबकडच्या पाड्यावरच्या देवीची माळ घालतो. आमच्याकडे दारू अशीच सोडतात: देवीपुढे नारळ ठेवायचा, गळ्यात माळ घालायची आणि त्या घटकेपासून बंद. डॉक्टरांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्याचा निश्चय टिकेल का आणि देवी आपलं ऐकेल का, एवढीच शंका होती.

पाड्यावर जाऊन त्याने माळ घातली आणि दोन-तीन दिवसांनी उत्सवासाठी आम्ही पुन्हा तिथे गेलो. मामाचे हात सकाळपासून कापत होते, सदरा घामाने भिजला होता. ढोल सुरू झाला आणि त्याचं सगळं अंग थरथरू लागलं. समोर नसलेल्या कोणाशी तरी तो बोलू लागला. आली, आली, असं बायका म्हणू लागल्या. कोणी त्याच्या कपाळी हळद लावली, कोणी तान्हं मूल त्याच्या पायांवर घातलं. देवीने आमचं घर निवडलं म्हणून माझे डोळे भरून आले. मी वाकले, मग ताट घेऊन ओवाळू लागले.

तिथे दरवर्षी जिच्या अंगात देवी येते, ती बाई गर्दीतून पुढे आली. मामा बाहीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होता. तिने त्याचा हात धरून पाहिला आणि ढोल थांबवायला सांगितला.

"ही देवी नाय गो बाय. ताट खाली ठेव. माझा भाव असाच गेला. माळ घातली, दारू तोडली, आन् आमी त्याला ओवाळीत बसलो."

"तुझ्या अंगात येते तीच खरी काय?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"देवीच बोलली समज. गाडी काढ."

जीपमध्ये मामाला झटका आला. तिने त्याला कुशीवर वळवून धरलं.

शहापूरच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर शरीर बिथरतं, झटके येतात, भास होतात, जीवही जातो, असं त्यांनी समजावलं. सोडायची ती औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली. देवाचं नाव घेऊन मरणाच्या इतक्या जवळ नेलं होतं आम्ही त्याला. सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा नाडी आणि रक्तदाब तपासणं चाललं होतं. भास थांबल्यावर औषधाची मात्रा हळूहळू कमी केली. मला काम एकच दिलं होतं. त्याच्या उशाशी बसून शांतपणे सांगत राहायचं, तू शहापूरच्या दवाखान्यात आहेस, मी आई आहे. इतका साधा जप मी कधी केला नव्हता. माळ त्याच्या गळ्यात तशीच होती.

तो सापगावला घरी परतला तेव्हा ती बाई आली होती. मामा उंबऱ्याबाहेर उभा, हातात गोळ्यांची पिशवी. ताट उचलायला माझा हात होईना.

"आता ओवाळ," ती म्हणाली.

मी ओवाळलं. कोणीतरी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "आई, पाया नको हां पडू."

उत्सवाच्या त्या दिवशी देवी आली होती, असंच मी मानते. फक्त ती कुठे उभी राहील, हे ठरवणारी मी कोण?