दत्ताला न शिकवलेली गोष्ट

आजवर हे कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तोंडाशी यायचं – आणि मी विषय बदलायचो.

सेलूत माझा कारखाना होता. सागवानी कपाटं, पलंग, खुर्च्या. कारागिरी शिकलो हैदराबादेत. तिथं का गेलो? नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जळालं म्हणून. आमच्या बौद्धवाड्यातली सगळीच घरं जळाली, आणि गावचे देशमुख पारावर उभे राहून बघत होते – पान खात. मी ते विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

काही वर्षांनी त्याच देशमुखांचा धाकटा मुलगा, दत्ता, माझ्याकडे काम शिकायला आला. शेतीत त्याचं मन नव्हतं, लाकडाचं वेड होतं. ज्या ओसरीवर माझ्या बापाला कधी चढता आलं नाही, तिथला हा मुलगा माझ्या पाया पडून रंधा हातात घ्यायचा. माझ्या डब्यातली भाकरी मोडून खायचा – आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. इतकं सोपं असतं का? आग लागली तेव्हा तो लहान होता, आजोळी होता. हे मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

मी त्याला सगळं शिकवलं. हात सुरेख होता त्याचा. फक्त एक सोडून – लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून कपाटाच्या दाराच्या चौकटीत फळी थोडी मोकळी ठेवावी लागते. बाकीचे शिकाऊ हे लगेच शिकायचे. दत्ताला मात्र मी नेमका फळ्या बसवायच्या वेळी बाजारात पिटाळायचो. एकदा त्याने विचारलंच. मी म्हणालो, सरस लावून घट्ट ठोकायची, हलता कामा नये.

उन्हाळ्यात त्याने बहिणीच्या लग्नासाठी एकट्याने कपाट केलं. देखणं होतं. मी दारांवरून हात फिरवला, फळ्या घट्ट लागल्या, आणि मी त्याची पाठ थोपटली.

श्रावणात फळ्या फुगल्या, चौकटी उखडल्या. सासरच्यांनी कपाट बैलगाडीत घालून देशमुखांच्या दारात आणून टाकलं, साऱ्या गावादेखत. हे कळलं त्या दिवशी मी घरी मटण नेलं. गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला बोलू?

आणि देशमुखांचं काय बिघडलं? त्यांनी परभणीहून दुसरं कपाट आणलं.

दत्ता आला तो उखडलेली चौकट घेऊन. "उस्ताद, माजं कुठं चुकलं? तुमी सांगितलं तसंच केलं की."

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणालो, "तुज्या हातालाच गुण न्हाई, दत्ता."

त्याने ते खरं मानलं. हत्यारं ठेवली, पाया पडला, गेला.

आता तो शेती करतो. घरातल्या बाजेचा पाय निखळला तरी गावातल्या सुताराला बोलावतो. स्वतः हात लावत नाही.