स्कूटरसाठी बंद टेम्पो

बंद बॉडीचा टेम्पो कसा निवडावा, या विषयात कल्याण-डोंबिवलीत माझ्याइतका जाणकार तुम्हाला सापडणार नाही. विठ्ठलवाडी स्टेशनपासून शिळफाट्यापर्यंत उभा राहणारा एकही टेम्पो मी नापास करायचा ठेवलेला नाही! स्वतःचं म्हणाल, तर मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे एक स्कूटर होती. माझी आणि दादाची, दोघांची मिळून. आकाशी रंगाची. (नंबर लावला तेव्हा दादाच्या डोक्यावर कुरळे केस होते, स्कूटर हातात आली तेव्हा वारा थेट टाळूला लागायला लागला होता.) मालकी दोघांची, पण चालवायचा दादा. भाजी आणायची असो, मटण आणायचं असो नाहीतर कुणाच्या बाराव्याला जायचं असो, पुढे दादा आणि मागे पिशवी धरून मी. सोसायटीत आम्हाला आडनावाने कोणी ओळखत नसे. तो ‘पुढचे’ आणि मी ‘मागचे’. माझ्या बायकोलाही बायका ‘अहो मागच्यांच्या’ म्हणून हाका मारत, आणि ती ओ देई!

मग वहिनीचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले, डोंबिवलीची हवा सोडा. दादा नुकताच रिटायर झालेला. राजापूरकडे गावी घर होतंच. त्याने जेवता जेवता सांगून टाकलं, "आम्ही गावी जातो. कायमचे."

एकाच जिन्यावर समोरासमोर दारं होती आमची. आमच्याकडे आमटी करपली की वास येऊन वहिनी आधी पोचायची. मी हातातला घास ताटात ठेवला. पण आमच्या घराण्यात पुरुषमाणसाने ‘जाऊ नकोस’ म्हणायची पद्धत नाही. म्हणून मी विचारलं, "मग स्कूटरचं काय?"

"नेतो की. तू काय करणार तिचं? हळदीकुंकू?" दादा म्हणाला. "पावसाचे दिवस आहेत, सगळा चिखल असणार. बंद टेम्पो बघ, बाळ्या. एक थेंब आत येता कामा नये."

इथेच दादाचं चुकलं! टेम्पो मिळाल्याशिवाय दादा जाणार नव्हता, आणि टेम्पो पास करणारा मी होतो.

पहिल्या टेम्पोचा पत्रा गंजलेला निघाला. दुसऱ्याची कडी सैल. तिसरा कोलशेतकडून सुकी मासळी वाहायचा. स्कूटरला वास लागेल म्हणून तो नापास. (सुकट आमच्याकडे आठवड्यातून तीनदा व्हायचं, ते सोडा.) एकाच्या पाठीवर ‘पुन्हा भेटू’ असं रंगवलेलं होतं. मला ते वाचवेना, म्हणून तोही नापास.

"पोरीला स्थळं बघताना एवढे नखरे नव्हते केलेत!" बायको म्हणाली.

"स्थळ परत करता येतं," मी म्हटलं. मला काय म्हणायचं होतं ते मलाच कळलं नाही.

आषाढ सरत आला तसा दादाचा धीर सुटला. एका सकाळी मला मागे बसवून तो मानपाडा रोडवरच्या टेम्पोच्या अड्ड्यावर गेला आणि भोईर नावाच्या गड्यासमोर उभा राहिला. भोईरचा टेम्पो बंद बॉडीचा, नवाकोरा, आतून चकचकीत.

"पान्याचं सोडा, मुंगी पन शिरायची नाय आत," भोईर म्हणाला.

"असं तोंडी नाही चालणार," मी म्हटलं. "आत बसून, दार लावून बघणार. उजेडाचं भोक दिसलं की समजायचं, तिथून पाणी येणार."

भोईरने दादाकडे बघितलं. दादाने कपाळाला हात लावला.

"बघा. मी तवर जरा डोला लावतो," असं म्हणून भोईर केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. आम्ही फळीवरून स्कूटर आत चढवली. (मावते की नाही, तेही बघायला नको का?) क्लीनरने आम्हा दोघांना आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि तो चहाला गेला.

आत मिट्ट काळोख. मी चारी कोपरे बघितले, छत बघितलं. सुईच्या टोकाएवढंसुद्धा भोक नाही! शेवटचा उपाय म्हणून, पत्रा पोकळ वाजतो का ते बघायला मी त्यावर दोन सणसणीत थापा मारल्या.

आता टेम्पोवाल्यांचा एक रिवाज आहे, तो मला तेव्हा ठाऊक नव्हता. मागून पत्र्यावर एक थाप म्हणजे ‘थांब’. दोन थापा म्हणजे ‘चल’.

टेम्पो चालू लागला.

"बाळ्या! काय केलंस?"

"पत्रा तपासला!"

"कसा आहे?"

"चांगला आहे!"

तेवढ्यात खड्डा आला, स्कूटर स्टँडवरून उतरली आणि आमच्या अंगावर यायला लागली. दादाने अंदाजाने तिच्यावर टांग टाकली, ब्रेक दाबून धरला आणि ओरडला, "बस मागे! वजन पाहिजे!" मी चाचपडत मागे बसलो आणि त्याची कंबर धरली.

"हॉर्न वाजव!" मी म्हटलं.

"इंजिन चालू असल्याशिवाय हॉर्न वाजत नाही हिचा."

"मग चालू कर!"

"या डब्यात? धुराने गुदमरून दोघेही जाऊ! इतकी वर्षं मागे बसून एवढंही कळलं नाही तुला?" दादाला थापांचा रिवाज माहीत होता. तो म्हणाला, "एक थाप मार. एक म्हणजे थांब."

मी मारली एक. पण माझ्यावर भरवसा नसल्याने त्याच क्षणी दादानेही मारली एक. झाल्या दोन! टेम्पोने वेग घेतला.

"तू कशाला मारलीस?"

"तू मारशील याची खात्री नव्हती! आता तूच मार. मी नाही मारत."

मी पत्र्यावर हात ठेवून विचारात पडलो, हा खरंच नाही ना मारणार? त्याला वाटलं, हा मारतच नाही वाटतं. आणि दोघांनी एकदमच मारली! पुढे भोईर चांगलाच रंगात आला असावा, कारण त्याने थेट वरचा गिअर टाकला. त्यानंतर आम्ही थापा मारणं बंद केलं.

काळोखात नुसता चाकांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने दादाने विचारलं, "बाळ्या, खरं सांग. भोकं शोधत होतास, की मला अडवत होतास?"

उजेडात मी पत्र्याबद्दल काहीतरी सांगितलं असतं. पण तिथे ना मला त्याचं तोंड दिसत होतं, ना त्याला माझं.

"अडवत होतो," मी म्हणालो. "जाऊ नकोस ना दादा."

पन्नाशी उलटलेला मी बाप्या, भावाच्या पाठीला डोकं टेकून रडत होतो. त्याचा शर्ट भिजला. (बंद टेम्पोत एक थेंब येता कामा नये, असं त्यानेच बजावलं होतं.)

दादाने ब्रेकवरचा पाय जरा सावरला. मग म्हणाला, "तिला इथे श्वास पुरत नाही रे. रात्रभर उशीला टेकून बसून असते. मला तिकडे करमणार आहे थोडंच? मागे कोणी नसलं की ही स्कूटर हलकी लागते. वळणावर भीती वाटते मला."

मी कंबर आणखी घट्ट धरली.

टेम्पो थांबला तो ठाण्याच्या वाटेवर, जकात नाक्यावर. बाहेरून आवाज आला, "आत काय?"

"रिकामा हाय सायेब," भोईर म्हणाला आणि त्याने कडी काढली.

आत दोन म्हातारे स्कूटरवर बसलेले! पुढच्याने ब्रेक दाबून धरलेला, मागच्याने पुढच्याला मिठी मारलेली, दोघांचे डोळे लाल. भोईर दोन पावलं मागे उडाला.

"हा रिकामा?" साहेबाने विचारलं. मग आमच्याकडे वळून, हसू दाबत, "माल नवा की जुना?"

"जुना," दादा शांतपणे म्हणाला. "घरगुती वापरातला. तिन्ही नग."

नाक्यावरची झाडून सगळी माणसं बघायला जमली. भोईर बिचारा ज्याला त्याला सांगत सुटला, "दोन थापा आयकल्या का माजा पाय आपसूक क्लचवर परते! मना काय ठाव, हे आतच हान!" आम्ही स्कूटर खाली उतरवली आणि घरी आलो. पुढे दादा, मागे मी. टेम्पो पास झाला होता.

जायच्या दिवशी दादाचं सगळं सामान चढलं. स्कूटर जिन्याखालीच उभी होती.

"अरे, ही राहिली," मी म्हटलं.

"राहू दे. जागा नाही."

टेम्पोत अजून एक पंगत बसली असती एवढी जागा होती! दादा दुसरीकडे बघत म्हणाला, "तू शीक आता. आणि मी आलो की मला पुढे बसायला काहीतरी लागेल ना."

वहिनी डोळ्याला पदर लावून केबिनमध्ये बसली. तिच्या पलीकडे क्लीनर, खिडकीशी दादा. मागून थाप मारायला मीच उरलो.

"मारा काका," भोईर ओरडला.

मी एक थाप मारली. दुसरीसाठी हात उचलेना. टेम्पो जागचा हलला नाही.

"काका, एक थाप म्हंजे थांब!"

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

अख्खी सोसायटी गॅलरीत उभी होती. मग केबिनच्या खिडकीतून दादाचा हात बाहेर आला. त्याने दारावर हळूच एक थाप मारली. झाल्या दोन. टेम्पो निघाला.

पुढची काही वर्षं दादा गणपतीनंतर यायचा, आल्या आल्या स्कूटरला किक मारायचा आणि म्हणायचा, "बस." मग एका वर्षी तो आला नाही, गावाहून फोन आला.

स्कूटर मी रोज पुसतो. बायको म्हणते, विकून टाका, जिन्याखाली जागा अडते. मीही नाही म्हणत नाही. गिऱ्हाइकं येतात, मी ती तपासतो आणि नापास करतो. एकाचे हात फार रांगडे होते, एकाला रंग बदलायचा होता. परवा आलेला मात्र चांगला माणूस होता. त्याच्यात मला एकही भोक सापडेना! शेवटी तोच म्हणाला, "काका, एक चक्कर चालवून दाखवता?"

"चालवून नाही," मी म्हटलं. "मागे बसून दाखवतो."